दोन घरांत वाजणारा फोन

आमच्या कॉलनीत कुणाला काही वस्तू घ्यायची झाली, की आधी ते घरात भांडत आणि मग माझ्याकडे येत. मी बारामतीच्या एका कॉलेजात फिजिक्सच्या प्रयोगशाळेत साहाय्यक आहे. म्हणजे शिकवत नाही. पण शिकवणाऱ्यांना लागणारी सगळी उपकरणं माझ्या ताब्यात असतात आणि ती चालेनाशी झाली की भलेभले प्राध्यापक माझ्याच तोंडाकडे बघतात. एवढ्या भांडवलावर कॉलनी मला 'सर' म्हणू लागली. मी हरकत घेतली नाही.

मिक्सर कुठला घ्यावा, टीव्हीला स्टॅबिलायझर लागतो का, फ्रिज भिंतीपासून किती लांब ठेवावा, या सगळ्यांवर माझी मतं तयार असत. टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम निघाला तेव्हा सर्जेरावआबांनी, म्हणजे आमच्या कोपऱ्यावरच्या रिटायर तलाठ्यांनी, त्यानं पोरांचे डोळे जातात असं जाहीर केलं. शेजारच्या मानसिंगरावांनी मुलासाठी तो आणला होता. मत द्यायचं तर वस्तू तपासली पाहिजे, म्हणून मी एक अख्खा रविवार त्यांच्या हॉलमध्ये बसून मोटारसायकल पळवली. संध्याकाळी निकाल दिला की डोळ्यांना धोका नाही, अंगठ्याला आहे. अंगठा पुढं आठवडाभर दुखत होता, म्हणजे मत अनुभवाचंच होतं.

तर सत्त्याण्णव साली, बरीच वर्षं नंबर लावून ठेवल्यावर, आमच्या घरी टेलिफोन आला. काळा, जड, वायरीला बांधलेला. मला तो पहिल्याच दिवशी मागासलेला वाटला. पुण्याला बुधवार पेठेत जाऊन मी कॉर्डलेस घेऊन आलो.

त्या संध्याकाळी मी कॉर्डलेस कानाला लावून गच्चीवर गेलो. मग जिना उतरून अंगणात आलो. मग फाटक उघडून भाजीवाल्या बानूबाईंच्या हातगाडीपर्यंत गेलो आणि कॉलेजातल्या मित्राशी बोलत बोलत गवारीचा भाव विचारला. मित्राला मी भाव कशाला विचारतोय ते कळेना आणि बानूबाईंना मी कुणाशी बोलतोय ते कळेना. कॉलनीला मात्र सगळं कळलं. सर्जेरावआबांचं म्हणणं पडलं की ती एरियल वीज ओढून घेईल. आईला काळजी ही की तार नाही तर बोलणं जातं कुठून, आणि वाटेत ते कुणी ऐकलं तर? मी तिला रेडिओलहरी समजावून सांगितल्या. ती म्हणाली, लहरी असतील, पण वाटेत ऐकलं तर? शंका अडाणी आहे असं समजून मी विषय संपवला.

मानसिंगराव मूळचे निरवांगीचे. तिकडं उसाची मोठी शेती. मुलाच्या शाळेसाठी बारामतीत घर बांधून राहिलेले. त्यांची गच्ची आणि आमची गच्ची यांत हात लांब केला तर वाटी देता येईल एवढंच अंतर. कॉर्डलेस बघून ते दुसऱ्याच दिवशी आले. त्यांच्या मनात एक महागाचा, वेगळ्या कंपनीचा सेट होता. मी त्यांना बसवून घेतलं आणि तो का घेऊ नये हे चहा निवेपर्यंत सांगितलं. घ्यायचा तर माझाच नमुना, त्याच दुकानातला. ते म्हणाले, "सर, तुमी म्हणताय म्हणल्यावर इशयच न्हाय." आणि घेऊन आले.

त्यानंतर आमचा फोन जरा निराळा वागू लागला.

एकदा घंटी वाजली म्हणून मी उचलला तर एक माणूस विचारायला लागला, टोळी कधी पाठवू. कसली टोळी, तर ऊसतोडीची. मी म्हणालो, राँग नंबर. तो म्हणाला, मग तुम्ही कोण. मी नाव सांगितलं. तो म्हणाला, बरं, सर का, मग तुम्हीच सांगा, ऊस अजून चार रोज उभा ठेवला तर साखरेचा उतारा वाढंल का? मला उसातलं काही कळत नाही, पण विचारल्यावर गप्प बसणं स्वभावात नाही. मी वाढेल म्हणालो. तिकडं मानसिंगराव शेतात माणसं येण्याची वाट बघत उभे राहिले. आमच्याकडंही तेच. माझी बहीण साक्षी एका खासगी शाळेत शिकवते. तिच्या हेडबाईंचे निरोप मानसिंगरावांच्या मिसेस विजयमालावहिनींना मिळायला लागले आणि त्या ते भिंतीवरून ओरडून सांगायच्या.

हे क्रॉस कनेक्शन आहे, दोष लायनीत आहे, असं माझं ठाम मत झालं. मी टेलिफोन ऑफिसात तक्रार केली. तिथल्या साहेबांनी तक्रार लेखी मागितली. ती दिल्यावर बऱ्याच दिवसांनी लाइनमन आला, खांबावर चढला, आपला सेट लावून कुणाशी तरी लांबलचक घरगुती बोलला आणि खाली येऊन म्हणाला, लाइन स्वच्छ हाय. मग त्याचं लक्ष माझ्या कॉर्डलेसकडं गेलं. एकदम एक पाऊल मागं सरकला. हे आमच्या खात्याचं नव्हं, म्हणाला. काळ्या फोनच्या डब्याच्या पुढं जे काय घडंल त्याला खातं जबाबदार न्हाय.

मी परत साहेबांकडे गेलो. त्यांची अडचण वेगळीच होती. दोष सापडला नाही म्हणून तक्रार निकाली निघेना, आणि दोष नाही म्हणून ती चालूही ठेवता येईना. शेवटी मी बसून 'माझी तक्रार नव्हती असे समजावे' असा अर्ज लिहून दिला. शिपायानं तो वाचला आणि अक्षर चांगलं आहे म्हणाला. त्या ऑफिसात माझ्याबद्दल निघालेला हा एकमेव चांगला उद्गार.

खरा प्रकार कळला तो गच्चीवर. मी वाळत घातलेल्या पापडांची राखण करत होतो, कॉर्डलेस शेजारी कट्ट्यावर. पलीकडच्या गच्चीवर मानसिंगरावांनी आपल्या सेटचं बटण दाबलं आणि इकडं माझ्या सेटचा लाल दिवा लागला. त्यांनी बंद केला, माझा विझला. माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. दोन्ही सेट रेडिओलहरींच्या एकाच पट्ट्यावर चालत होते. त्यांचा हॅण्डसेट माझी लाइन उघडत होता, माझा त्यांची.

शास्त्रज्ञाला शोध लागला की तो जाहीर करतो. हा शोध मी जाहीर केला नाही. कारण तो जाहीर केला असता तर पुढचा प्रश्न असा आला असता की हाच नमुना घ्या असं कोण म्हणालं होतं.

मी ठरवलं की आपली घंटी नीट ओळखूनच फोन उचलायचा. पण दोन्हीकडं एकच घंटी वाजत असल्यामुळं ओळखणार काय? एका दुपारी उचलला तर विजयमालावहिनी इंदापूरच्या आपल्या बहिणीशी बोलत होत्या. सज्जन माणसानं तिथंच ठेवायला हवा होता. मी ठेवणारही होतो, पण तेवढ्यात 'सर' हा शब्द आला.

"माणूस चांगलाय गं," वहिनी म्हणत होत्या, "पण साधा बल्ब कुठला आणू म्हणून इचारलं तरी अंधार पडूस्तोवर सोडत न्हाईत. आन कॉलेजात म्हणं परीक्षानळ्या धुत्यात."

मी फोन ठेवला. परीक्षानळ्या केमिस्ट्रीत असतात. फिजिक्समध्ये परीक्षानळ्या नसतात. एवढा साधा फरक ज्या बाईला माहीत नाही, तिच्या मताला काय किंमत द्यायची, असं मी संध्याकाळपर्यंत स्वतःला समजावत होतो. जेवण मात्र गेलं नाही. बायकोनं, यशोधरेनं, काय झालं म्हणून विचारलं. सांगू कसं? चोरून ऐकलेला अपमान कुणाला दाखवता येत नाही.

मग मीही कॉलेजातल्या मित्राला फोन करून मन मोकळं केलं. त्या महिन्यात मानसिंगरावांनी मायक्रोवेव्ह ओव्हन आणला होता. तो मला न विचारता आणला होता, हे एक. आणि तो त्यांनी हॉलमध्ये, वर क्रोशाचा रुमाल घालून, टीव्हीच्या शेजारी ठेवला होता, हे दुसरं. आत घराची कागदपत्रं असत. मी मित्राला म्हणालो, "यांचं असं आहे, उसाचं पेमेंट आलं की वस्तू येते. ती कशाला लागते ते मागाहून कळतं. कधी कधी कळतच नाही." मित्र खूप हसला. मलाही वाक्य चांगलं जमलं असं वाटलं.

दुसऱ्या दिवसापासून मानसिंगराव चहाला यायचे बंद झाले. गच्चीवर दिसले तर "नमस्कार सर" म्हणत, आणि खाली जात. 'नमस्कार' हा शब्द त्यांनी त्यापूर्वी मला कधी वापरला नव्हता. ते आले की आधी आमच्या दारातून 'च्या टाका' अशी हाक येई. मला कळायचं ते कळलं. लाल दिवा दोन्हीकडं लागत होता.

आता यात साक्षीच्या लग्नाचं निघालं. वरकुट्याचं स्थळ होतं. आमच्याच समाजातलं, मुलगा सोमनाथ दूध डेअरीत नोकरीला, घरची थोडी शेती. वडील गेणूतात्या हे रोखठोक माणूस म्हणून इंदापूर तालुक्यात प्रसिद्ध. ते येऊन साक्षीला बघून गेले होते. पोहे खाल्ले, साक्षीशी दोन वाक्यं बोलले, माझ्याशी खूप बोलले. म्हणजे मी त्यांच्याशी खूप बोललो. जाताना रविवारी फोनवर कळवतो म्हणाले. सोमनाथ साक्षीला आवडला होता. तिनं तसं सांगितलं नाही. पण पाहुणे गेल्यावर ती उरलेले पोहे गुणगुणत संपवत होती, आणि पोहे तिला आवडत नाहीत.

रविवारी सकाळपासून आम्ही फोनभोवती बसलो. आई, यशोधरा, साक्षी आणि मधे मी, कॉर्डलेस मांडीवर. आईचं म्हणणं होतं की आजच्या दिवस तरी काळ्या डब्यावरून बोल. तो मी कपाटात वर ठेवून दिला होता आणि कपाटापुढं गव्हाची कोठी होती. मी म्हणालो, काही बिघडत नाही.

घंटी वाजली. मी एरियल ओढून बटण दाबलं, तोवर पलीकडं मानसिंगरावांनी उचललेला.

"सर का?" गेणूतात्यांचा आवाज. इंदापूरच्या एस.टी.डी. बूथवरून बोलत असावेत, मागं एसटीचा भोंगा ऐकू येत होता.

"न्हाय, मी शेजारचा. मानसिंग."

मी 'मी पण आहे' असं म्हणायला तोंड उघडलं. तेवढ्यात गेणूतात्या म्हणाले, "बरं झालं तुमीच घावला. शेजाऱ्याइतकं खरं कोण सांगणार? माणसं कशी हायती, सांगा."

माझं तोंड उघडंच राहिलं. आता बोललो असतो तर मी चोरून ऐकतोय हे दोघांनाही कळलं असतं. न बोललो तर आमच्या घराची अब्रू अशा माणसाच्या हातात, ज्याला मी निर्बुद्ध ठरवलं होतं आणि ज्यानं ते स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. मी बायकोकडं बघितलं. तिनं खुणेनं विचारलं, कोण आहे. मला खुणेनं सांगता येईना. साक्षीनं सरळ माझ्या डोक्याला डोकं लावून कान भिडवला.

मानसिंगराव आधी खाकरले. मग म्हणाले, "तात्या, खरं सांगतो. सर शाणा माणूस. पण दुसऱ्याच्या वस्तूला नाव ठेवल्याबिगर त्यांना घास उतरत न्हाय."

मी डोळे मिटले.

"मला बी ठेवलंय. ते जाऊंद्या. तुमी पोरीचं इचारताय ना? माझी मंडळी लग्नात सातवी झालेली. पोरगा शाळंत जायला लागला तवा म्हणली, मला दहावीला बसायचंय. मी हसलो. ही पोरगी न्हाय हसली. भायेरून परीक्षंला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म हिनंच भरला, वरीसभर रोज सांजच्याला येऊन गणित शिकवलं. आज माझी मंडळी सोसायटीचं पत्र वाचून मला समजावून सांगती. तात्या, अशी पोरगी मला सून मिळती तर मी फोनवर इचारत बसलो नसतो."

तिकडून गेणूतात्या हं म्हणाले. मग म्हणाले, "तसं हाय तर एकच सांगा. नोकरी सोडंल का?"

"ते मी कसं सांगू?"

साक्षीनं माझ्या हातातून फोन काढून घेतला. मी धरून ठेवायचा प्रयत्न केला असं यशोधरा नंतर सांत्वन म्हणून म्हणत असे. खरं तर मी तो आपणहून सोडला होता.

"तात्या, मी साक्षी बोलतेय," ती म्हणाली. "नोकरी सोडणार नाही. इंदापूरला शाळा बघेन, वरकुट्याहून जाऊन-येऊन करेन. तुम्ही आमच्याकडं आलात तेव्हा शेजाऱ्यांचं विचारलंत, नातेवाइकांचं विचारलंत, दादा काय काय वस्तू वापरतो तेही ऐकून घेतलंत. हे मला विचारलं असतं तर मी तिथंच सांगितलं असतं."

घरात सगळे तिच्याकडं बघत राहिले. मी कान पुढं नेला.

"कितीजण हायती लायनीवर?" गेणूतात्यांनी विचारलं.

"मी बी हाय तात्या," मानसिंगरावांच्या सेटवरून विजयमालावहिनींचा आवाज आला. "पोरगी खरं बोलती."

"अजून कोण?"

"मी. मुलीचा भाऊ," मी अखेर म्हणालो.

"व्हय का. मग तुमी एवढा येळ गप कसं ऱ्हायला?" गेणूतात्यांना खरोखरच आश्चर्य वाटलेलं दिसलं.

बूथवर काहीतरी खुसफूस झाली. रिसीव्हर या हातातून त्या हातात गेल्याचा खरखराट आला. "मी सोमनाथ," एक हलका आवाज म्हणाला. "साक्षी, मी घरी पहिल्याच दिवशी म्हणालो होतो, हे तिलाच विचारा म्हणून. इंदापूरला जायचं तर सकाळच्या एसटीला गर्दी असती. डेअरीची गाडी जाती, त्यात मी रोज जागा धरीन."

 साक्षी फोन माझ्या हातात देऊन आत गेली. आईनं विचारलं, काय म्हणाले. मी सांगितलं, जागा धरतो म्हणाले. आई रडायला लागली.

गेणूतात्यांनी परत रिसीव्हर घेतला आणि पक्कं समजा म्हणून सांगितलं. पुढच्या बोलण्याला मात्र काळा डबा वापरा, म्हणाले. पैसे त्यांचे पडत होते आणि बोलत होती सारी कॉलनी.

मी गच्चीवर गेलो. मानसिंगरावही त्यांच्या गच्चीवर आले होते. दोघांच्याही हातात सेट, दोन्हींचा लाल दिवा लागलेला. कुणी तरी बंद करायला विसरलं होतं.

"मानसिंगराव," मी म्हणालो, "ते ओव्हनचं मी जे बोललो..."

"सर," ते म्हणाले, "तो कसा चालवायचा ते एकदा येऊन दाखवा. वस्तू आली, कशाला लागते ते अजून कळलं न्हाय."

मी लगेच गेलो. माफी मागण्यापेक्षा प्रात्यक्षिक देणं मला सोपं पडतं. कागदपत्रं बाहेर काढली, रुमाल बाजूला केला. विजयमालावहिनींना सूक्ष्मलहरी पदार्थाच्या आतल्या पाण्याला कशा हलवतात हे सांगितलं आणि उदाहरणादाखल एक अंडं सालीसकट आत ठेवलं. लहरी पाण्याला हलवतात हे मला माहीत होतं. हललेल्या पाण्याची वाफ सालीच्या आत कुठं जाणार, हा विचार मी केला नव्हता. तो अंड्यानं केला. ओव्हनचं दार उडून उघडलं, पिवळा बलक टीव्हीच्या काचेवर बसला. गल्लीतून सर्जेरावआबा धावत आले आणि एरियलवर वीज पडली का म्हणून विचारू लागले.

मानसिंगराव सोफ्यावर बसून हसत होते. हसता हसता त्यांनी डोळे पुसले आणि आतल्या बाजूला हाक दिली, "च्या टाका." वहिनींनी टीव्हीवरचा बलक पुसायला मला फडकं दिलं. मी ते घेतलं आणि पुसलं. परीक्षानळ्यांचा विषय मी काढला नाही, पण फडकं धुऊन परत दिल्यावर त्या म्हणाल्या, "स्वच्छ धुता की सर." आणि स्वतःच जीभ चावली.

लग्न वरकुट्याला झालं. भन्तेजींनी वंदना घेतली, मानसिंगराव निरवांगीहून ट्रॅक्टरभर माणसं घेऊन आले आणि पाहुण्यांना पाणी द्यायला विजयमालावहिनी साक्षीच्या घरच्या म्हणून उभ्या राहिल्या. साक्षीला पुढं इंदापूरला शाळा मिळाली.

राहिला प्रश्न कॉर्डलेसचा. एकानं तरी सेट बदलायला हवा, यावर दोन्ही घरांचं एकमत होतं. मी म्हणे, चूक माझी, मी बदलतो. मानसिंगराव म्हणत, सर, तुमी लांबून आणलाय, मीच बदलतो. असं म्हणत म्हणत दोघांनीही बदलला नाही. मग विजयमालावहिनींनी रीत घालून दिली, की वाजला की ज्याच्या हाताशी असेल त्यानं उचलायचा आणि ज्याचा असेल त्याला भिंतीवरून हाक मारायची. ऊसतोडीच्या टोळ्या मी नीट लिहून घेऊ लागलो. उताऱ्यावर मात्र मत द्यायचं नाही, अशी मला सक्त ताकीद आहे.

साक्षीचा फोन दर रविवारी येतो. गेल्या रविवारी मी मुद्दाम सेट हातात धरूनच गच्चीवर बसलो होतो. पहिल्याच घंटीला उचलला. सासरी कशी आहे, तब्येत कशी आहे, हे विचारून झालं. त्यांच्या घरी मिक्सर घ्यायचं चाललंय असं ती म्हणाली, तेव्हा मी जरा सावरून बसलो आणि मोटर कशी बघून घ्यायची तिथून सुरुवात केली.

"दादा," ती मधेच म्हणाली, "तू जरा ठेव ना. मला वहिनींशी बोलायचंय."

कुठल्या वहिनींशी, हे विचारायला मी तोंड उघडलं. तोवर पलीकडच्या सेटवरून विजयमालावहिनींनी आणि त्यांच्याकडं जाऊन बसलेल्या यशोधरेनं, दोघींनी एकदमच "बोल गं" म्हटलं होतं. मी सेट हळूच कट्ट्यावर ठेवला आणि चालूच राहू दिला.